नत्थुजी जाऊन राहिले

दुसऱ्याच्या मयतीला माणूस उशिरा पोचला तर लोक समजून घेतात. नत्थुजी स्वतःच्याच मयतीला उशिरा पोचले, आणि तेही हातात गिलावड्यांचा पुडा घेऊन.

पण बैल शेपटीकडून धरला तर लाथ मारतो, आणि गोष्टीचंही तसंच असतं. तेव्हा शिंगांकडून धरू.

नत्थुजी मूळचे नांदगाव खंडेश्वरकडचे. काळ्या मातीत उभं आयुष्य गेलेलं, वय ऐंशीच्या पुढं, आणि गुडघे असे की उठताना खोलीतल्या मांजरालाही वाटावं, कोणीतरी तुराट्या मोडल्या. बायको गेल्यावर शेत पुतण्याला बटाईनं दिलं आणि ते अकोल्याला पोराकडे राहायला गेले. पोरगा श्याम शाळेत ड्रिल मास्तर. त्याची मिशी एवढी दांडगी, की ती वळायला लागली की शाळेतली पोरं आपोआप रांगेत उभी राहत. सूनबाई अनुपमा गुणाची होती, सासऱ्याला काही कमी पडू देत नव्हती. अडचण एकच. न्हाणीत शिरले की बाहेरून आवाज यायचा, "बाबा, कडी नका लावू. पडले-बिडले तं?" आंघोळीला कडी नाही, निजायला कडी नाही. नत्थुजींना वाटायचं, आपण माणूस नसून चुलीवरचं दूध आहोत. कोणीतरी सारखं येऊन पाहून जातं, उतू तर जात नाही ना.

म्हणून ते अमरावतीला टेकूत राहायला आले.

टेकू म्हणजे बडनेऱ्याच्या बाजूला पुण्याच्या एका संस्थेनं बांधलेल्या खोल्यांची ओळ. पाटीवर नाव होतं 'स्वाश्रय ज्येष्ठ सदनिका'. ते उच्चारताना दोघा-तिघांची कवळी बाहेर आली, तेव्हापासून सगळे टेकूच म्हणू लागले. नाव चपखल बसलं. घर आपलं आपण उभं राहतं, टेकू नुसता बाजूनं असतो. प्रत्येकाची खोली वेगळी, ओटा वेगळा, दाराला उंबरठा नाही, न्हाणीत अन् खाटेशी धरायला दांड्या. सकाळी गोदाबाई आंघोळीला हात द्यायला यायची, औषधं लावून ठेवायची आणि निघून जायची. बाकी दिवस ज्याचा त्याचा. स्वयंपाक जमतो तो करावा, जमत नाही त्यानं डबा घ्यावा. आणि दाराला आतून कडी. नत्थुजींनी पहिल्या दिवशी ती कडी उगाचच दहा वेळा लावली अन् काढली. शेजारच्या तानुबाईंना वाटलं, सुतार आला.

भिंतीवर एक डबी होती, लाल बटणाची. तिच्यातून पुण्याची एक मुलगी बोलायची. अवनी तिचं नाव. दिवसातून एकदा ती विचारायची, "आजोबा, कसे आहात?" आवाज एवढा गोड, की डबीला मुंग्या लागायच्या.

वैशाखातली दुपार होती. अमरावतीच्या त्या उन्हात ओट्यावर दाणे ठेवले तर फुटाणे होऊन आत येत. नत्थुजी जेवून कूलरपुढं आडवे झाले होते. डबी वाजली.

"आजोबा, काय करताय?"

"काई नाई बाई. पडून राहिलो."

"काय? कधीपासून?"

"जेवलो तवापासून."

"उठता येतंय का?"

"उठाची इच्छाच नाई होऊन राहिली."

"जवळ कोणी आहे का?"

"कोन राह्यते? एकलाच हावो. गर्मीनं निरा मरून राहिलो."

डबी गप्प झाली. नत्थुजींनी कूस बदलली.

आता वऱ्हाडात माणूस जेवून राहतो, बोलून राहतो, भांडून राहतो. याचा अर्थ तो कुठं मुक्कामाला राहिला असा नाही. ते काम चालू आहे, एवढंच. पण पुण्याच्या कानाला 'पडून राहिलो' म्हणजे माणूस पडला आणि तिथंच राहिला. 'मरून राहिलो'चं तर बोलायलाच नको.

नत्थुजींचा डोळा लागतो न लागतो तोच दाराचा असा आवाज झाला, की त्यांना वाटलं, चिखलदऱ्याचा डोंगर घरंगळत आला. कडी उडून भिंतीवरच्या गणपतीच्या पायाशी जाऊन पडली आणि पाच जण स्ट्रेचर घेऊन आत घुसले. नत्थुजी बनियनवर. "काय बे, चोर हा का?" एवढं ते म्हणेपर्यंत त्यांना पट्ट्यांनी बांधलं होतं. दवाखान्यात बीपी पाहिलं तर चढलेलं. झोपेत दार फुटल्यावर कोणाचं उतरेल?

व्यवस्थापक कमलाकांत पुण्याहून आलेले, स्वभावानं नरम, नियमांना मात्र घट्ट. ते म्हणाले, "काका, राग मानू नका. पुन्हा असा प्रसंग आला, तर मला तुम्हाला देखरेख दालनात हलवावं लागेल."

देखरेख दालन म्हणजे मागची इमारत. तिथं कडी बाहेरून होती.

श्याम अकोल्याहून आला तो घामानं आणि काळजीनं भिजून. म्हणाला, "देखरेख-बिखरेख काई नाई. अजून एक बार असं झालं तं मी ऐकनार नाई. सामान बांधाचं, अकोल्याले चालाचं. कबूल?"

सुतार नवी कडी ठोकत होता. नत्थुजींनी तिच्याकडे पाहत म्हटलं, "कबूल."

त्या दिवसापासून नत्थुजी डबीशी पुस्तकातलं बोलू लागले. "कन्ये, मी पहुडलो आहे. माझी प्रकृती उत्तम आहे. मी आत्ता भाजीत सांबार घातला."

"अरे वा, आजोबा! इडली केलीत?"

सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्याला कोणी सांगितलंच नव्हतं. नत्थुजी 'हो' म्हणाले. नसती इडली कबूल केली, पण धोका पत्करला नाही. पलीकडच्या ओट्यावरून तानुबाई ओरडल्या, "नत्थूभाऊ, तुमी बोलता का बातम्या देता?"

तानुबाई अठ्ठ्याहत्तरच्या. डोळ्यांनी अधू, कानात यंत्र; जीभ मात्र विशीतली.

एका सकाळी नत्थुजींनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि देवीदासच्या ऑटोत बसून मोझरीला निघाले. अधूनमधून जाऊन ते आश्रमात माथा टेकत, जुन्या भजनी दोस्तांना भेटत आणि त्यांचं म्हातारपण आपल्यापेक्षा जास्त झालं आहे का, तेवढं पाहून समाधानानं परत येत. तानुबाईंना ओट्यावरूनच सांगितलं, "डबीतली पोरगी बोलली तं सांगजा." मोबाइल त्यांनी चार्जिंगला लावून खोलीतच ठेवला. मोबाइल दमला असेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिवस झकास गेला. दोस्त भेटले, त्यांतल्या एकाचे उरलेले दोन दातही पडले होते. परतताना तानुबाईंसाठी तळणीतले गरम गिलावडे घेतले. उन्हं कलताना ऑटो टेकूपाशी आला.

फाटकात चपलांचा ढीग होता.

नत्थुजी ऑटोतूनच म्हणाले, "देवीदास, कोनी गेलं रे."

देवीदासनं डोकं बाहेर काढलं. आवारात दहा-वीस माणसं मुकी बसलेली, भिंतीला टेकवून ठेवलेले हिरवे बांबू, एक मडकं. तानुबाईंचं दार बंद.

"तानुबाईचा नंबर लागला वाटते," देवीदास म्हणाला.

नत्थुजींना ऑटोतून उतरवेना. सकाळी तर बुढी चांगली टोचून बोलली होती! हातातला पुडा अजून गरम होता, आणि तो जिच्यासाठी आणला तीच नाही. डोळे पुसत, टोपी काढून, खाली मान घालून ते आत गेले आणि मागच्या सतरंजीवर टेकले. लोक खाली मान घालून बसले होते. मयतीत कोण कोणाचं तोंड पाहतं?

शेजारचा माणूस मान न वळवता पुटपुटला, "लय सज्जन मानूस होता हो."

"होता?" नत्थुजी म्हणाले. "कोन होता?"

"नत्थुजी. दुसरं कोन?"

"सज्जन कायचा!" नत्थुजींच्या तोंडून आधी सवयीनं निघून गेलं. मग शब्द कानात शिरला.

त्यांनी मान वर केली. समोर खुर्चीवर फोटो, त्याला झेंडूचा हार, पुढं समई. फोटो टेकूत दाखल होतानाचा, त्यात माणूस कापूस चोरताना सापडल्यासारखा दिसत होता. नत्थुजींना पहिल्यांदा वाटलं, कुठंतरी पाहिलाय याला. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ओळख पटली. त्यांनी हळूच स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवून पाहिली. नाडी होती. पण एवढी माणसं खोटं कशी बसतील, असंही वाटून गेलं.

तेवढ्यात निंबाखाली त्यांना श्याम दिसला.

श्याम स्टुलावर बसलेला, गळ्याला फडकं, पुढं न्हावी. आमच्याकडे बाप जिवंत असेपर्यंत मिशी पूर्ण काढत नाहीत. निव्वळ गुळगुळीत ओठाचा माणूस दिसला की बाया पहिल्यांदा विचारतात, काय झालं हो? मोझरीहून मयत येईल, सूर्य बुडायच्या आत सगळं उरकावं, म्हणून कोणा शहाण्यानं न्हाव्याला आधीच बसवलं होतं. श्यामची डावी मिशी गेली होती. उजवी जागेवर होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि न्हाव्याचा वस्तरा उजवीकडे सरकत होता.

नत्थुजी उठले. गुडघे तुराट्यांसारखे वाजले. पुडा हातात तसाच. ते जाऊन न्हाव्याच्या मागं उभे राहिले आणि म्हणाले, "श्याम, हे काय करून राहिला बे?"

श्यामनं समोरच्या आरशात पाहिलं. आरशात बाप होता, टोपी काढलेला, मागं मावळतीचा उजेड.

श्याम जो ओरडला! ड्रिल मास्तरचा गळा तो. बडनेऱ्याच्या फलाटावर उभ्या गाडीला वाटलं, शिटी झाली, ती निघालीच. न्हावी वस्तऱ्यासकट भिंतीवरून पलीकडे गेला, आणि ती भिंत पुरुषभर उंच होती. कमलाकांत मागं सरकता सरकता मडक्यात बसले. नत्थुजींच्याही हातून पुडा सुटला, गिलावडे मातीत घरंगळले, आणि निंबावरचा कावळा झपकन खाली येऊन त्यातला एक उचलून गेला.

"कावळाबी शिवला!" सतरंजीवरचा कोणी किंचाळला. ते ऐकून उरलेलेही उठून पळाले.

श्यामनं बापाला पहिल्यांदा बोटानं टोचून पाहिलं, मग मिठीच मारली. अर्धी मिशी बापाच्या गालाला टोचत होती, अर्धा ओठ लागत होता ओला. ड्रिल मास्तर लहान पोरासारखा हुंदके देत होता. नत्थुजींनी त्याला थोपटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाहिलं, आपण मेल्यावर आपलं पोरगं कसं दिसेल. ते पाहायचं नसतं.

हुंदके संपले आणि राग आला. "बस झालं आता. मले दोन-दोन घंटे बाप मेला म्हून गाडी चालवा लागली. आजच चाला अकोल्याले. कबूल केलं होतं तुमी."

"पन मी कुठी पडलो? कुठी मेलो?" नत्थुजी म्हणाले. "हे कोनं सांगतलं तुले?"

"पुण्याच्या पोरीनं. रडत होती बिचारी."

सगळे नत्थुजींच्या खोलीत गेले. कमलाकांतांनी मडक्याचे तुकडे झटकले आणि अडखळत सांगितलं, की पुण्यानं खोली रिकामी दाखवली आहे, वाट पाहणाऱ्या पुढच्या माणसाला निरोपही गेला आहे. मेल्याचं नत्थुजींना एवढं लागलं नव्हतं. त्यांनी भिंत धरत जाऊन लाल बटण दाबलं.

"कोण बोलतंय?" अवनीचा आवाज रडून बसलेला होता.

"मी नत्थुजी बोलतो."

डबीतून किंकाळी आली, मग काहीतरी पडल्याचा आवाज. काही वेळानं कापरा आवाज: "आजोबा... पण तानुआजींनी तर..."

तेव्हा तानुबाई दार उघडून बाहेर आल्या. जेवल्यापासून त्या कानातलं यंत्र काढून ढाराढूर झोपल्या होत्या. अंगणात मयत मांडली गेली, मास्तर ओरडला, मडकं फुटलं, कशाचाच त्यांना पत्ता नव्हता. "काय गर्दी करून राहिले रे?" त्यांनी यंत्र कानात बसवत विचारलं.

"तानुबाई, सकाळी डबीले तुमी काय सांगतलं?" नत्थुजी.

"काय सांगन? तुमची डबी बोलेना म्हून पोरीनं माह्या डबीत पुसलं, नत्थुआजोबा कुठं आहेत. ऑटो फाटकातच होता तुमचा. मी म्हटलं, ते तं जाऊन राहिले. तं म्हणते, केव्हा? म्हटलं, आत्ताच, मी पाह्यता पाह्यता. म्हणते, त्रास झाला का? म्हटलं, त्रास कायचा? आंघोळ केली, धोतर नेसलं, हासत हासत जाऊन राहिले. म्हणते, कोणी नेलं? म्हटलं, देवीदासनं. कुठं? मोझरीले. मंग रडाले लागली. मले वाटलं, पोरीचं घरी काही बिनसलं असन. म्हटलं, रडू नोको माय, सगळ्यायलेच कधी ना कधी जा लागते."

मग दारातला देवीदास हसला, आणि हसणं वणव्यासारखं पसरलं. हसले नाहीत ते कमलाकांत आणि डबी.

श्यामही हसला नाही. तो डबीजवळ गेला. "पोरी, तू मले फोनवर काय म्हटलं होतं?"

"मी म्हटलं... आजोबा गेले."

"ते तुह्या भाषेत झालं. म्हातारी बोलली तेच मले जसंच्या तसं सांगतलं असतं, जाऊन राहिले, तं मी म्हटलं असतं, जाऊ दे, संध्याकाळपावतर येतीन." त्यानं नकळत मिशीला हात लावला. डावीकडे बोटाला काही लागलं नाही, आणि त्याचा चेहरा पुन्हा पांढरा पडला.

नत्थुजींनी ती संधी सोडली नाही. "पाह्य बाप्पा. पहिले बी मी पडलो नवतो, आता बी मेलो नाई. पडली ते पोरीची मराठी. माही कडी काहून काढता?"

कमलाकांत म्हणाले, "काका, चूक आमची आहे. खोलीचं मी पुण्याशी बोलतो. पण आता मुलानं जबाबदारी घेतली तरच..."

सगळे श्यामकडे पाहू लागले. श्याम बापाकडे. "बाबा, आज जे मी पाह्यलं ते पुन्हा पाह्याची ताकद नाई माही. अकोल्याले चाला."

"चाल," नत्थुजी शांतपणे म्हणाले. "पन असाच येतो का?"

श्यामला कळेना.

"अर्धी मिशी ठेवून गेला तं पोट्टे हासतीन. दुसरी काढून गेला तं बाया विचारतीन, बाप कवा गेला? अन् बाप बाजूले बसून. माह्यासमोर तू ते काढशीन काय?"

श्यामनं कानावर हात ठेवले.

"मंग मिशी येईपावतर राह्य अठीच. शाळेले सुट्टी हायेच. मिशी आली का तूच सांग, मी अकोल्याले याचं का नाई."

असा ड्रिल मास्तर बापाच्या खोलीत लपून बसला. पहिल्या सकाळी दार वाजलं. गोदाबाई होती. नत्थुजी खाटेवरून उठायला लागले. एक हात खाटेला, एक दांडीला, मग भिंत. श्याम झेपावला.

"थांब!" नत्थुजी गरजले. "माही कडी हाये. मी उघडतो."

दारापर्यंत पोचायला त्यांना एवढा वेळ लागला, की तेवढ्यात अमरावतीत एखादं लग्न लागून वरात परतली असती. गोदाबाई बाहेर निवांत उभी होती. रोजचंच होतं ते. श्यामला मात्र धाप लागली, नुसतं पाहून. हेच तो अकोल्यात कधी होऊ देत नव्हता. कडी निघाली. बाप वळला, आणि श्यामनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नत्थुजींच्या लक्षात आलं, की पोरगं आपल्याकडे काहीतरी विचित्रच पाहून राहिलं, कुस्ती मारलेल्या पैलवानाकडे पाहावं तसं.

मग दिवस गेले. नत्थुजी ठेचा कुटत, श्याम खात आणि डोळे पुसत. तानुबाईंच्या सुईत नत्थुजी दोरा ओवून देत. तो ओवायला दुपार जायची, पण दोघांनाही दुपारच घालवायची होती. श्याम हात पुढं करायचा आणि मागं घ्यायचा. मागं घेणं त्याला ड्रिलपेक्षा अवघड गेलं. एकदा न्हाणीत नत्थुजींचा पाय खरंच घसरला. दांडी हातात आली, ते उभेच राहिले. बाहेर श्याम दाराला चिकटून उभा होता. "बाबा?" त्यानं विचारलं. "हावो," आतून आवाज आला. श्यामनं कडीला हात लावला नाही.

डावी मिशी उगवली. उजवीइतकी दांडगी नव्हती, पण रांगेत उभी राहिली. श्यामनं एका सकाळी पिशवी भरली. एकच पिशवी भरली, आपली. नत्थुजींनी ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. बोललो तर पोरगं विचार बदलेल, अशी भीती वाटली. श्यामनं कमलाकांतांना जाऊन जबाबदारी घेतल्याचं सांगितलं, बापाच्या पाया पडला आणि फाटकाकडे निघाला.

डबी वाजली. "आजोबा, कसे आहात? आणि श्यामकाका काय करतायत?"

नत्थुजी खिडकीतून पोराची पाठ पाहत होते. पुस्तकातली मराठी पार विसरली होती. ते म्हणाले, "श्याम? श्याम तं जाऊन राहिला."

डबी गप्प झाली.

आणि आपण काय बोललो ते नत्थुजींच्या कानात शिरलं. रोज बोलायचा तोच शब्द. आज तो पोराच्या नावापुढं उभा राहिला आणि त्याचा पुण्याचा अर्थही दिसला. निंबाखालचा तो स्टूल डोळ्यांपुढं आला, पण आता त्यावर दुसरंच कोणी बसलं होतं, पांढऱ्या मिशीचं, त्यांच्याच तोंडाचं. ते खिडकीचा गज धरून ओरडले, "श्याम! ए श्याम!"

फाटकातून श्याम दचकून वळला. "काय झालं, बाबा?"

"काई नाई! पोचला का फोन करजो!"

"हावो!"

नत्थुजी डबीकडे वळले. "बाई, तसं नाई! जिता हाये तो! अकोल्याले चालला, पायानं चालला..."

"समजलं, आजोबा," डबीतून आवाज आला. पोरगी हसत होती, आणि जरा रडतही असावी. "बसनं जाऊन राहिले, का गाडीनं?"

नत्थुजी खाटेवर बसले.

"गाडीनं," ते शेवटी म्हणाले. मग उठले, एक हात खाटेला, एक दांडीला, मग भिंत, आणि कडी लावली.